समुद्राच्या पोटात कार्बन

नॉर्वेतले एक सरकार 9 मार्च 2000 रोजी चक्क कार्बन डायऑक्साइडवरून पडले. पंतप्रधान क्येल माग्ने बोंडेविक मूळचे धर्मोपदेशक आणि तीन छोट्या पक्षांच्या अल्पमतातल्या आघाडीचे प्रमुख. पश्चिम किनाऱ्यावर नैसर्गिक वायूवर चालणारी दोन वीजकेंद्रे उभी करायची होती. त्यांच्या धुराड्यांतला कार्बन डायऑक्साइड पकडायची सोय होत नाही तोवर परवाना नाही, या म्हणण्यावर बोंडेविक अडून बसले. मजूर पक्ष आणि उजवे पक्ष एरवी एकमेकांचे तोंड बघत नाहीत, पण प्रदूषणाचा नियम सैल करण्यासाठी ते एकत्र आले. बोंडेविक यांनी तो विश्वासदर्शकाचा प्रश्न केला आणि ते हरले. त्यांच्या जागी आले मजूर पक्षाचे तरुण नेते येन्स स्टोल्टेनबर्ग, जे पुढे नाटोचे सरचिटणीस म्हणून जगाला ठाऊक झाले.

बाहेरच्यांना हा हट्टीपणा वाटला असेल. पण बोंडेविक हवेतल्या गोष्टी बोलत नव्हते. स्टाव्हांगर शहरापासून अडीचशे किलोमीटरवर, उत्तर समुद्रात, त्यांच्याच देशाची सरकारी तेल कंपनी कार्बन डायऑक्साइड पकडून तळाखाली पुरण्याचे काम चार वर्षांपासून करत होती.

कल्पना तशी त्याहून जुनी. चेझारे मार्केट्टी हे इटालियन भौतिकशास्त्रज्ञ ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करत. 1977 मध्ये त्यांनी एक निबंध छापला. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्राचे खारट, जड पाणी तळाशी बुडून अटलांटिकमध्ये जात असते. युरोपातल्या वीजकेंद्रांचा कार्बन डायऑक्साइड गोळा करून या प्रवाहात सोडला, तर तो खोल समुद्रात जाऊन शतकानुशतके वर येणार नाही, असा त्यांचा हिशेब. आज असे कोणी सुचवले तर सागरी जीवशास्त्रज्ञ अंगावर धावून येतील, आणि ते बरोबरच ठरेल. पण हा वायू हवेत सोडायलाच हवा असे नाही, तो दुसरीकडे ठेवता येईल, हा विचार तिथे कागदावर उतरला.

कागदावरून तो समुद्रात उतरला मात्र कराच्या धाकाने. नॉर्वेने 1991 पासून समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उद्योगावर कार्बन कर बसवला. टनामागे साधारण 50 डॉलर. त्याच सुमारास स्टॅटऑइल ही कंपनी (आजची इक्विनॉर) स्लाइप्नर नावाच्या वायूक्षेत्राची तयारी करत होती. या क्षेत्राच्या पश्चिम भागातल्या वायूत सुमारे 9 टक्के कार्बन डायऑक्साइड होता, आणि युरोपातल्या गिऱ्हाइकांना अडीच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नव्हता. म्हणजे तो वेगळा काढणे भागच होते. काढल्यावर हवेत सोडला तर वर्षाला सुमारे दहा लाख टनांवर कर, म्हणजे जवळपास पाच कोटी डॉलर. पुन्हा जमिनीत दाबला तर खर्च त्याहून बराच कमी. ही वजाबाकी कोणत्याही किराणा दुकानदाराला जमली असती.

स्लाइप्नरची सुरुवात मात्र अपशकुनानेच झाली होती. 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत पहिल्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया तरंगता ठेवून चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवला जात होता. अचानक एक भिंत फुटली, पाणी आत घुसले आणि अख्खा पाया तळाला गेला. पाण्याच्या दाबाने त्याचा इतका चुराडा झाला की भूकंपमापकांवर रिश्टर 3 ची नोंद झाली. सुदैवाने कोणी दगावले नाही. चौकशीत निघाले ते असे, की संगणकावर केलेल्या गणितात काही भिंतींवरचा ताण जवळपास निम्म्याने कमी धरला गेला होता. नवा पाया घडवावा लागला आणि 1993 मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच क्षेत्राच्या पश्चिम भागासाठी शेजारी दुसरा प्लॅटफॉर्म पुलाने जोडला गेला आणि वायू शुद्ध करणारी यंत्रे त्यावर बसली.

1996 च्या सप्टेंबरात तिथे पहिला कार्बन डायऑक्साइड खाली दाबला गेला. पद्धत थोडक्यात अशी: अमाइन नावाच्या रसायनाचे पाणी वायूच्या संपर्कात आले की कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते, आणि तापवले की सोडून देते. एरवी जमिनीवरच्या कारखान्यात असणारी ही अवजड यंत्रणा इथे भर समुद्रात उभी केली होती. सुटा झालेला वायू जबर दाबाने दाट करायचा आणि समुद्रतळाखाली सुमारे एक किलोमीटरवर असलेल्या ‘उट्सिरा’ नावाच्या वाळूच्या थरात सोडायचा. या थरात खारे पाणी भरलेले असते आणि वर शेल खडकाचे जाड, घट्ट छत असते. इतक्या खोलीवर हा वायू वायूसारखा वागत नाही, द्रवासारखा दाटून राहतो. म्हणून जागाही कमी लागते.

मग ब्रिटिश, नॉर्वेजियन आणि युरोपातले इतर भूशास्त्रज्ञ त्याच्या मागावर राहिले. जहाजांवरून ध्वनिलहरी सोडून तळाखालचे चित्र काढायचे आणि दर काही वर्षांनी मागच्या चित्राशी ताडून पाहायचे. 1999 च्या चित्रात वायू छतापर्यंत पोचलेला दिसला, पण तो सरळ वर गेला नव्हता. वाळूच्या आत शेलचे पातळ पापुद्रे होते. प्रत्येक पापुद्र्याखाली वायू आडवा पसरला, मग फटीतून वर सरकला, पुन्हा पसरला. असे नऊ थर मोजले गेले. वरचे छत मात्र शाबूत होते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. स्लाइप्नरमध्ये जो कार्बन डायऑक्साइड पुरला गेला, त्याच्या कितीतरी पट त्याच वायूच्या विक्रीतून युरोपातल्या चुलींमधून आणि वीजकेंद्रांमधून हवेत गेला. तंत्र म्हणून ही साठवणूक सिद्ध झाली. पण पर्यावरणवाद्यांच्या एका गटाला हे सारे तेव्हाही ढोंग वाटले आणि आजही वाटते. त्यांना वेड्यात काढण्यासारखे त्यात काही नाही.

स्टोल्टेनबर्ग 2005 मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. ज्या प्रश्नावर आधीचे सरकार पडले होते, तोच आता त्यांनी डोक्यावर घेतला. 1 जानेवारी 2007 च्या नववर्षाच्या भाषणात त्यांनी मोंगस्टाड इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याशेजारच्या वीजकेंद्रात कार्बन पकडण्याचे काम जाहीर केले आणि त्याला नॉर्वेची ‘चंद्रावरची स्वारी’ म्हटले. बर्गनच्या उत्तरेला किनाऱ्यावर 2012 मध्ये चाचणी केंद्र उघडले आणि ते चांगले चाललेही. पण पूर्ण क्षमतेचा प्रकल्प लांबत गेला, खर्च फुगत गेला, आणि सप्टेंबर 2013 मध्ये, निवडणूक हरल्यावर काही दिवसांतच, जाता जाता त्याच सरकारने तो गुंडाळला. चंद्रावरची स्वारी मोंगस्टाडच्या फाटकापलीकडे गेलीच नाही. विरोधकांना आयते कोलीत मिळाले आणि नॉर्वेच्या वर्तमानपत्रांनी त्यावर यथेच्छ हात धुऊन घेतले.

युरोपीय संघाची हौस त्याहून मोठी होती. 2007 च्या मार्चमध्ये सदस्य देशांच्या प्रमुखांनी ठरवले की 2015 पर्यंत कार्बन पकडणारी 12 पर्यंत प्रात्यक्षिक वीजकेंद्रे उभी करायची. 2009 मध्ये साठवणुकीचा कायदा झाला. त्याच वर्षी मंदीतून सावरण्याच्या निधीतले 100 कोटी युरो सहा प्रकल्पांना वाटले गेले: जर्मनीत येन्शवाल्डे, इटलीत पोर्टो तोल्ले, नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम, पोलंडमध्ये बेवहातूव, स्पेनमध्ये कोम्पोस्तीया, ब्रिटनमध्ये हॅटफील्ड. शिवाय कार्बन सोडण्यासाठी कंपन्यांना घ्याव्या लागणाऱ्या उत्सर्जन परवान्यांच्या विक्रीतून आणखी मोठा निधी उभा करायचे ठरले.

या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीत होते: उत्सर्जन परवान्याची किंमत चढत जाईल आणि कंपन्या आपणहून कार्बन पकडू लागतील. 2008 च्या मध्याला टनामागे 30 युरोच्या आसपास असलेला हा दर मंदीत कोसळला आणि 2013 मध्ये 5 युरोच्याही खाली गेला. नॉर्वेचा कर सरकारने ठरवलेला होता, तो बाजाराबरोबर पडत नव्हता. इकडे मात्र निधी आटला आणि कंपन्यांचे कारणही संपले. एकामागून एक प्रकल्प बंद पडले. रॉटरडॅमच्या प्रकल्पाने सर्वांत जास्त तग धरला, पण 2017 मध्ये तोही गेला. पुढच्या वर्षी युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने हिशेब तपासला. एवढ्या पैशांतून व्यापारी पातळीवर चालणारे एकही केंद्र उभे राहिले नव्हते.

ब्रिटनने तर दोनदा स्पर्धा जाहीर करून दोनदा तोंडाला पाने पुसली. शंभर कोटी पौंडांचे बक्षीस 2007 मध्ये ठेवले, 2011 मध्ये स्कॉटलंडमधला शेवटचा उमेदवार गळाला. दुसरी स्पर्धा 2012 मध्ये. ती 25 नोव्हेंबर 2015 रोजी, पॅरिसची हवामान परिषद पाच दिवसांवर आली असताना, रद्द झाली.

पैशाशिवाय आणखी एक अडचण होती, आणि ती ब्रसेल्समध्ये बसून दिसत नव्हती. ती दिसली बारेनड्रेख्टमध्ये.

बारेनड्रेख्ट हे रॉटरडॅमच्या दक्षिणेला लागून असलेले सुखवस्तू उपनगर. खाली दोन रिकामी होत आलेली वायूक्षेत्रे होती, एक सुमारे 1,700 मीटरवर आणि दुसरे 2,700 मीटरवर. जवळच पेर्निसला शेल कंपनीचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना. तिथून वीसेक किलोमीटरची नळी टाकायची, वर्षाला चार लाख टन कार्बन डायऑक्साइड आणून गावाखाली सोडायचा, सगळे मिळून एक कोटी टन. अभियंत्यांच्या दृष्टीने याहून सोयीची जागा नव्हती. लाखो वर्षे जिथे वायू अडकून राहिला तिथे दुसरा वायूही राहील, असे त्यांचे म्हणणे. आणि ते तर्काला धरून होते.

गावाने विचारले ते साधे प्रश्न होते. आमच्याच घरांखाली का? आमच्या घरांच्या किमती पडल्या तर भरपाई कोण देणार? नफा शेलचा, अनुदान सरकारचे, मग आमच्या वाट्याला काय? कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, मोठ्या प्रमाणात सुटला तर जमिनीलगत साचतो. 1986 मध्ये कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून असा ढग उसळला तेव्हा सुमारे 1,700 माणसे झोपेतच गुदमरून मेली होती. तिथली भूरचना वेगळी होती, हे तज्ज्ञ जीव तोडून सांगत. पण एकदा माणसाच्या मनात अशी गोष्ट घर करून बसली की आकडेवारी दाराबाहेर थांबते. शिवाय निर्णय आधी झाला आणि माहिती नंतर आली, ही गावकऱ्यांची मुख्य तक्रार होती. नगरपरिषद ठाम विरोधात उभी राहिली. 2009 च्या डिसेंबरात दोन मंत्री समजूत घालायला गावात आल्या, तेव्हा भरलेल्या सभागृहात त्यांना धड बोलूही दिले गेले नाही.

नोव्हेंबर 2010 मध्ये नवे मंत्री माक्सिम फरहाखन यांनी प्रकल्प रद्द केला. कारणे दोन दिली: तीन वर्षांहून जास्त विलंब आणि स्थानिक पाठिंब्याचा संपूर्ण अभाव. काही महिन्यांनी त्यांनी देशाच्या उत्तर भागातही जमिनीखाली साठवणूक होणार नाही असे सांगून टाकले.

जर्मनीतही तेच घडले, जरा जास्त शिस्तीत. पूर्वेकडच्या श्वार्त्से पुंपे इथे व्हाटेनफाल या स्वीडिश कंपनीने 2008 मध्ये कोळशाचा 30 मेगावॉटचा छोटा प्रायोगिक संच सुरू केला. वायू पकडला जात होता, पण तो ठेवायचा कुठे? ज्या ज्या भागात भूगर्भाची पाहणी करायला माणसे गेली तिथे शेतकरी, पाद्री, पर्यावरणवादी सगळे एकत्र उभे राहिले. 2012 मध्ये झालेल्या कायद्याने राज्यांना नकाराधिकार दिला आणि देशभरासाठी वर्षाला 40 लाख टनांची मर्यादा घातली. त्या कायद्याखाली एकही साठवणूक सुरू झाली नाही. श्वार्त्से पुंपेचा संच 2014 मध्ये बंद झाला.

यातून युरोपने जे शिकायचे ते शिकले. साठवणूक माणसांखाली करायची नाही, समुद्राखाली करायची. कोळशाच्या विजेसाठी करायची नाही, कारण वारा आणि ऊन आता स्वस्त झाले होते. करायची ती जिथे दुसरा उपायच नाही तिथे. सिमेंट हे त्याचे ठळक उदाहरण. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी विजेवर चालवा की सूर्यावर, सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला जवळपास दोन तृतीयांश भाग या रासायनिक क्रियेचाच असतो.

साऱ्यांनाच हा उपाय पटला असे नाही. आपल्या ओळखीचे एक नाव इथे येते. नेदरलँड्समध्ये आयमाउडनला टाटा स्टीलचा पोलाद कारखाना आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या उत्सर्जकांपैकी एक. कंपनीने आधी कार्बन पकडून समुद्राखाली नेण्याची योजना आखली होती. कामगार संघटनेने पर्यायी आराखडा मांडला, हायड्रोजनच्या मार्गाने जाण्याचा. सप्टेंबर 2021 मध्ये कंपनीने तोच रस्ता धरला आणि तिच्यावर भिस्त ठेवून आखलेला साठवणूक प्रकल्प तिथेच आटोपला.

आइसलँडने तिसरीच वाट काढली. राजधानी रेक्याविकजवळच्या हेल्लिशेइदी भूऔष्णिक वीजकेंद्रात 2012 मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडला गेला. चार वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार त्यातला 95 टक्के भाग दोन वर्षांच्या आतच खनिज होऊन दगडात बसला होता. सह्याद्रीचा काळा कातळ याच जातीचा, म्हणून दख्खनच्या बेसॉल्टवरही आपल्याकडच्या भूशास्त्रज्ञांनी अभ्यास केले आहेत. पण आइसलँडच्या या पद्धतीला पाणी भरपूर लागते, आणि दख्खनमध्ये तो प्रश्न आधी येतो.

मोंगस्टाडच्या नामुष्कीनंतर नॉर्वेने पुन्हा पाटी पुसून सुरुवात केली. या वेळी भाषणात चंद्र नव्हता, अंदाजपत्रक होते. 2020 च्या डिसेंबरात संसदेने ‘लांगशिप’ प्रकल्पाला मंजुरी दिली. एकूण खर्च सुमारे 25 अब्ज क्रोनर, त्यातला दोन तृतीयांश सरकारचा. पकडणारे वेगळे आणि साठवणारे वेगळे, ही त्यातली खरी नवी गोष्ट. वाहतूक आणि साठवणूक ‘नॉर्दर्न लाइट्स’ या इक्विनॉर, शेल आणि टोटालएनर्जीजच्या कंपनीकडे. ती कोणाचाही कार्बन डायऑक्साइड भाडे घेऊन ठेवील.

एक जुने कायदेशीर लचांडही तेवढ्यात सुटले. समुद्रात कचरा टाकण्यावर बंदी घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉलमध्ये 2006 मध्ये दुरुस्ती होऊन समुद्रतळाखालच्या साठवणुकीला वाट मिळाली. म्हणजे स्लाइप्नर सुरू होऊन दहा वर्षांनी. तरी एका देशाचा वायू दुसऱ्या देशात नेणे निषिद्धच होते. ती मुभा देणारी दुरुस्ती 2009 मध्ये झाली, पण पुरेसे देश सही करीनात, तिचे घोंगडे दहा वर्षे भिजत पडले. शेवटी 2019 मध्ये ती तात्पुरती लागू करायची परवानगी निघाली. 8 मार्च 2023 रोजी बेल्जियममधल्या अँटवर्पचा कार्बन डायऑक्साइड डेन्मार्कच्या निनी वेस्ट या जुन्या तेलक्षेत्रात गेला, तो याच वाटेने. उद्घाटनाला डेन्मार्कचे तेव्हाचे युवराज फ्रेडरिक आले होते.

ओस्लोच्या नैर्ऋत्येला ब्रेव्हिक हे खाडीकाठचे छोटे गाव. तिथला सिमेंट कारखाना पहिल्या महायुद्धाच्या काळापासून आहे. आज तो हायडेलबर्ग मटेरियल्सचा. 18 जून 2025 रोजी तिथे कार्बन पकडणारे केंद्र रीतसर सुरू झाले. व्यापारी प्रमाणावर असे करणारा जगातला हा पहिला सिमेंट कारखाना. वर्षाला चार लाख टन, म्हणजे कारखान्याच्या उत्सर्जनाच्या निम्मे. निम्मेच का? तर अमाइन तापवायला उष्णता लागते, आणि भट्टीची वाया जाणारी उष्णता तेवढ्यालाच पुरते. बाकीच्यासाठी जास्तीचे इंधन जाळावे लागले असते.

पकडलेला वायू थंड करून, दाब देऊन द्रव करतात आणि खास जहाजांत भरतात. चीनमधल्या दालियान इथे बांधलेल्या या जहाजांची क्षमता प्रत्येकी 7,500 घनमीटर. दक्षिण नॉर्वेला वळसा घालून ती बर्गनजवळच्या ओयगार्डन बेटांवर येतात. तिथल्या उंच टाक्यांतून वायू शंभर किलोमीटरच्या नळीने समुद्रात आणि मग तळाखाली 2,600 मीटरवरच्या वालुकाश्मात जातो. ऑगस्ट 2025 मध्ये पहिला साठा खाली गेला. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 15 लाख टन. नेदरलँड्समधला यारा कंपनीचा खत कारखाना आणि डेन्मार्कमधली ओर्स्टेडची वीजकेंद्रे ही ब्रेव्हिकनंतरची गिऱ्हाइके. मागणी पाहून 50 लाख टनांपर्यंत वाढवण्याचा निर्णयही झाला आहे.

रॉटरडॅममध्येही काम पुन्हा सुरू झाले, पण आता समुद्राच्या दिशेने तोंड करून. ‘पोर्थोस’ प्रकल्पात पेर्निससह बंदरातल्या कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड किनाऱ्यापासून सुमारे 20 किलोमीटरवरच्या रिकाम्या वायूक्षेत्रात जायचा आहे, वर्षाला 25 लाख टन. हा प्रकल्प जवळजवळ वर्षभर अडला तो एका पर्यावरण संघटनेच्या दाव्यामुळे. बांधकामाच्या यंत्रांतून निघणारा नायट्रोजन आसपासच्या संरक्षित वाळूच्या टेकड्यांना मारक ठरेल का, हा प्रश्न होता. ऑगस्ट 2023 मध्ये न्यायालयाने हिरवा कंदील दाखवला. बारेनड्रेख्टमध्ये मात्र या वेळी कोणी सभागृह भरले नाही.

जर्मनीनेही सूर बदलला. 2024 च्या फेब्रुवारीत समुद्राखालच्या साठवणुकीला परवानगी देण्याचा आराखडा जाहीर केला तो आर्थिक व्यवहार मंत्री रॉबर्ट हाबेक यांनी. ते ग्रीन पक्षाचे, आणि आधी श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याचे पर्यावरणमंत्री. साठवणुकीला ज्या राज्यांत सर्वांत कडवा विरोध झाला त्यांत हे होते. ब्रिटनने त्याच वर्षी ऑक्टोबरात 25 वर्षांसाठी 21.7 अब्ज पौंडांची तयारी दाखवली. आधीच्या दोन स्पर्धा आठवणाऱ्यांनी डिसेंबरात खरोखर करार होईपर्यंत त्यावर विश्वास ठेवला नसेल, तर नवल नाही.

तंत्र 1996 पासून चालू आहे, हे मनात ठेवून हा सगळा इतिहास वाचला तर दोष कोणाकडे जातो ते दिसते. खडक हातचा होता, अभियंते हातचे होते. अडले ते बिल कोणी भरायचे आणि वायू कोणाच्या घराखाली ठेवायचा या दोन प्रश्नांवर. पहिल्याचे उत्तर नॉर्वेने आधी कराने आणि मग सरकारी तिजोरीने दिले. दुसऱ्याचे उत्तर सगळ्यांनीच समुद्राकडे बोट दाखवून दिले.

पहिल्या प्रश्नावर युरोपीय संघाने अलीकडे धोरण बदलले आहे. 2024 च्या कायद्याने 2030 पर्यंत वर्षाला पाच कोटी टन साठवण्याची क्षमता उभी करायचे उद्दिष्ट ठेवले आणि ती उभारायची जबाबदारी तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्यांवर टाकली, प्रत्येकीच्या उत्पादनाच्या प्रमाणात. मे 2025 मध्ये अशा 44 कंपन्यांची नावे आणि त्यांचा वाटा जाहीर झाला. संघाचे एकूण वार्षिक उत्सर्जन आजही सुमारे तीन अब्ज टन आहे. पाच कोटी म्हणजे त्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी.